सारख्याच दिसणाऱ्या वाटा : पनामा कालव्याच्या तीन सफरींचा अभ्यास

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

ज्याने आजवर बोटीत पाऊल ठेवलेले नाही त्याने बोटीच्या सफरीवर लेख लिहावा, हे धाडसच म्हणावे लागेल. प्रस्तुत लेखकाने समुद्र पाहिला आहे तो एकदाच, आणि तोही अकरावीच्या सहलीत, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरून. तेव्हा हे प्रवासवर्णन नव्हे. एकाच कालव्यातून जाणाऱ्या, वरवर सारख्या दिसणाऱ्या सफरींतून एक कशी निवडावी, याचा हा भूगोलाच्या अंगाने केलेला छोटासा अभ्यास आहे. या अभ्यासात लेखकाची एक चूक झाली. तीही मी येथे प्रांजळपणे नमूद करणार आहे, कारण खरे शिक्षण त्या चुकीपासूनच सुरू झाले.

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतरची गोष्ट. आपल्या महाविद्यालयातून भूगोलाचे अध्यापन करून निवृत्त झालेल्या एका सरांकडे मी अधूनमधून पुस्तके आणायला जातो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच; त्यामुळे घरी पुस्तकांचे कपाट नाही, आणि सरांच्या घरी कपाटांशिवाय दुसरे काही नाही. त्या दिवशी सरांनी माझ्यापुढे तीन कागद ठेवले. त्यांची मुलगी लॉस एंजेलिसजवळ राहते, तिने ते पाठवले होते.

सर म्हणाले, "अरे, तीस वर्षे फळ्यावर पनामा कालव्याचा छेद काढला. खडूचा कालवा पुष्कळ झाला, आता पाण्याचा पाहावा म्हणतो. मुलगी म्हणते, बाबा, यांतली कोणतीही सफर घ्या, तिन्ही सारख्याच. तू भूगोलाचा विद्यार्थी. सांग बघू, खरेच सारख्या आहेत का?"

कागद असे होते. पहिली सफर अकरा दिवसांची. जहाज फ्लोरिडातून निघून कॅरिबियन समुद्रातील दोन बेटे, कोलंबियातील कार्टाहेना, पनामा कालवा, कोलोन आणि कोस्टा रिकातील लिमोन असे करून पुन्हा फ्लोरिडालाच परतणार. दुसरी पंधरा दिवसांची, एप्रिलमधली. फ्लोरिडा, कार्टाहेना, पनामा कालवा, मग पॅसिफिकच्या बाजूने कोस्टा रिका, ग्वातेमाला आणि मेक्सिको यांची बंदरे घेत शेवट लॉस एंजेलिसला. तिसरीही पंधरा दिवसांची, पण ऑक्टोबरमधली आणि उलट दिशेची. ती लॉस एंजेलिसहून निघून फ्लोरिडाला संपते. तिचे जहाज दुसरीपेक्षा पुष्कळ मोठे. तिन्ही कागदांवर निळे पाणी, पांढरे जहाज आणि 'पनामा कालवा' ही ठळक अक्षरे मात्र अगदी एकसारखी.

मी घरी येऊन वहीत तक्ता आखला. दिवस किती, बंदरे किती, एकूण भाडे किती, दर दिवशी किती पडते, परतीची सोय काय. पहिली सफर स्वस्त, बंदरे जास्त, आणि निघालो तेथेच परत येणार. मी तिच्यापुढे बरोबरची खूण केली आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत तक्ता सरांपुढे ठेवला. सरांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "तक्ता नीटनेटका आहे. पण यात कालवा किती आहे?"

मी निरुत्तर झालो. कालव्याचा रकाना मी आखलाच नव्हता! तिन्ही कागदांवर तो शब्द आहे, म्हणजे ती बाजू समान, असे मी गृहीत धरले होते.

कालवा किती आहे?

हा प्रश्न समजण्यासाठी कालव्याचा छेद डोळ्यांपुढे हवा. पनामा कालवा म्हणजे दोन समुद्रांना जोडणारा सपाट पाट नव्हे. तो पाण्याचा जिना आहे. कॅरिबियनच्या बाजूने जहाज प्रथम गातून येथील जलपाशांत शिरते. जलपाश, ज्याला बोलताना आपण लॉक म्हणतो, म्हणजे दोन्ही टोकांना प्रचंड दारे असलेला हौद. जहाज आत आले की मागचे दार बंद होते, वरच्या बाजूचे पाणी आत सोडले जाते, आणि पाण्याबरोबर जहाजही वर उचलले जाते. यासाठी पंप लागत नाही. वरचे पाणी आपल्या स्वभावधर्माने खाली येते, एवढ्यावरच सारे चालते. गातूनला असे तीन हौद ओळीने आहेत. ते चढून जहाज समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचीवरच्या गातून सरोवरात येते. सरोवर ओलांडल्यावर कुलेब्राची खिंड लागते. येथे डोंगराचा कणाच कापून वाट काढली आहे. त्यानंतर उतरण : पेद्रो मिगेलला एक पायरी, मिराफ्लोरेसला दोन, आणि मग पॅसिफिक. एकूण लांबी सुमारे ८० किलोमीटर, आणि वेळ साधारण आठ ते दहा तास.

आता पहिला कागद पुन्हा वाचा. कार्टाहेनानंतर कालवा आणि त्याच दिवशी कोलोन. पण कोलोन तर कॅरिबियनच्याच काठावर आहे! म्हणजे हे जहाज गातूनच्या तीन पायऱ्या चढते, सरोवरात थोडे थांबते, तेथेच वळते आणि त्याच बाजूच्या पायऱ्या उतरून आल्या वाटेने बाहेर पडते. कुलेब्राची खिंड, पेद्रो मिगेल, मिराफ्लोरेस, अमेरिकांचा पूल आणि पॅसिफिक महासागर यांपैकी काहीच जहाजावरून दिसत नाही. कागदात खोटे काहीच नव्हते. जहाज पनामा कालव्यात जाते, हे खरेच आहे. ते कालव्यातून जात नाही, एवढेच. 'कालव्यात' आणि 'कालव्यातून' या दोन शब्दांत फक्त एका प्रत्ययाचा फरक; पण त्या प्रत्ययात अर्धा कालवा बुडाला!

या सफरीला नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्याला दिवस थोडे आहेत, ज्याला परतीचे विमान दुसऱ्या शहरातून नको आहे, किंवा ज्याला मुख्यतः बेटे पाहायची आहेत, त्याला ती उत्तमच. अशा सफरींत वेगळे पैसे भरून लहान बोटीने उरलेला कालवा पाहण्याची सोयही बरेचदा असते. लॉक कसे चालते एवढेच पाहायचे असेल, तर गातूनला ते चढताना आणि उतरताना असे दोनदा दिसते. पण ज्याने तीस वर्षे एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंतचा छेद काढला, त्याला अर्ध्यावरून परत आणणे बरे नव्हे.

लेसेप्सची चूक

माझी चूक सरांनी हसण्यावारी नेली आणि म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. हीच चूक तुझ्याआधी फार मोठ्या माणसाने केली आहे."

तो माणूस म्हणजे फर्दिनांद द लेसेप्स. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, तो त्याच्या कर्तृत्वाने. सुएझला लॉक नाहीत. भूमी सपाट, वाळू कोरडी, आणि दोन्ही समुद्र जवळजवळ एका पातळीत. पनामाची संयोगभूमी तर सुएझपेक्षा अरुंद. तेव्हा तेथेही समुद्रसपाटीचाच कालवा खणू, असे त्याने ठरवले. १८८१ मध्ये काम सुरू झाले. पण पनामात वाळवंट नव्हते. तेथे डोंगर होता, मुसळधार पाऊस होता, पुराने फुगणारी चाग्रेस नदी होती आणि पिवळा ताप व हिवताप पसरवणारे डास होते. १८८९ मध्ये कंपनी बुडाली. तोवर सुमारे २२,००० माणसे दगावली होती, असा अंदाज सांगितला जातो. नकाशावर सारख्या दिसणाऱ्या दोन भूमी प्रत्यक्षात सारख्या नव्हत्या.

पुढे अमेरिकेने हे काम हाती घेण्यापूर्वी तिच्यापुढेही दोन वाटा होत्या : निकाराग्वा की पनामा? निकाराग्वाचे पारडे बराच काळ जड होते. १९०२ मध्ये मतदानाच्या सुमारास पनामाच्या एका पुरस्कर्त्याने सिनेटच्या सभासदांना निकाराग्वाची टपाल तिकिटे वाटली. त्या तिकिटांवर धूर ओकणाऱ्या ज्वालामुखीचे चित्र होते! पनामाची निवड होण्यास इतरही कारणे होती, परंतु एका लहानशा तिकिटाने दोन वाटांमधला फरक डोळ्यांपुढे आणला, हे खरे. १९०४ मध्ये काम सुरू झाल्यावर पुन्हा प्रश्न आला : सपाट कालवा की लॉकचा? १९०६ मध्ये लॉकच्या बाजूने निर्णय झाला, तोही थोड्याच मताधिक्याने. १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा खुला झाला आणि न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा सागरी मार्ग सुमारे १२,५०० किलोमीटरने कमी झाला. ३१ डिसेंबर १९९९ रोजी तो पूर्णपणे पनामा देशाच्या ताब्यात आला.

जुने दार की नवे?

पहिला कागद बाजूला पडला. उरलेल्या दोन्ही सफरी आरपार जाणाऱ्या, दोन्ही पंधरा दिवसांच्या. मग फरक कोठे? जहाजाच्या आकारात.

जुन्या लॉकचा हौद ३३.५ मीटर रुंद आणि ३०५ मीटर लांब आहे. त्यात मावणारे सर्वांत रुंद जहाज शिरले की दोन्ही बाजूंना जेमतेम हात-दीड हात जागा उरते. भिंतींवरच्या रुळांवरून धावणारी विजेची इंजिने दोरखंडांनी जहाजाला मधोमध धरून ठेवतात. त्यांना तेथे 'मुला', म्हणजे खेचरे, असे म्हणतात. दारे दोन फळ्यांची, वाड्याच्या दरवाजासारखी उघडणारी. हे सारे १९१४ सालच्या आराखड्याचे.

२६ जून २०१६ रोजी शेजारी नवे लॉक खुले झाले : कॅरिबियनच्या बाजूला आग्वा क्लारा आणि पॅसिफिकच्या बाजूला कोकोली. त्यांचे हौद ५५ मीटर रुंद आणि ४२७ मीटर लांब आहेत. तेथे खेचरे नाहीत. पुढे-मागे टगबोटी जहाजाला सावरतात, आणि दारे कपाटाच्या सरकत्या फळीसारखी बाजूला जातात. प्रत्येक हौदाला पाणी साठवण्याच्या तीन टाक्या जोडलेल्या असून सुमारे ६० टक्के पाणी पुन्हा वापरले जाते. अभियांत्रिकीची आवड असणाऱ्याला हे नवे काम अधिक मोलाचे वाटेल, आणि ते योग्यच आहे.

मोठे जहाज जुन्या हौदात मावत नाही. त्यामुळे तिसऱ्या कागदावरचे जहाज नव्या लॉकने जाणार हे उघड होते. नव्या वाटेने पॅसिफिककडे जाताना पेद्रो मिगेल व मिराफ्लोरेस बाजूला राहतात. सरांना पाहायची होती ती त्यांनी फळ्यावर काढलेली दारे. लॉकचे नाव सफरीच्या कागदावर बहुधा छापलेले नसते. ते विचारावे लागते.

ऋतू आणि दिशा

ही जहाजे एप्रिलमध्ये एका दिशेने आणि ऑक्टोबरमध्ये उलट दिशेने का जातात? उन्हाळ्यात अलास्काकडे प्रवासी मिळतात आणि हिवाळ्यात कॅरिबियनमध्ये. म्हणून वसंतात पुष्कळशी जहाजे कालव्यातून पश्चिम किनाऱ्याकडे जातात आणि शरदात परततात. आपल्याकडे मेंढपाळ पावसाळ्यात एकीकडे आणि उन्हाळ्यात दुसरीकडे जातात, तसाच हा प्रकार.

पनामात साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडा ऋतू असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोरदार पाऊस पडतो. डेकवर उभे राहून आठ-दहा तास पाहायचे तर एप्रिल बरा. फ्लोरिडाहून लॉस एंजेलिसला जाताना घड्याळ एकूण तीन तास मागे घ्यावे लागते, म्हणजे काही दिवस पंचवीस तासांचे होतात आणि वयस्कर माणसाला झोप पुरते. उलट दिशेने तेवढीच झोप बुडते. येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. कालवा वायव्येकडून आग्नेयेकडे जातो. त्यामुळे अटलांटिकच्या बाजूने शिरलेले जहाज पॅसिफिकमध्ये बाहेर पडते, ते आत शिरले त्याच्याही पूर्वेला! परीक्षेत हा प्रश्न आला तर आपल्यापैकी किती जण फसतील?

व्यवहाराच्या गोष्टीही पाहिल्या. आरपार सफर ज्या शहरी सुरू होते तेथे संपत नाही. एका बाजूचे विमानभाडे मिळवूनच खर्चाची तुलना करावी. आमच्या सरांची मुलगी लॉस एंजेलिसजवळच राहत असल्याने दुसरी सफर थेट तिच्या दारीच संपणार होती. वाटेत अनेक देशांची बंदरे लागतात. भारतीय पारपत्र असणाऱ्याने प्रत्येक देशाच्या व्हिसाची चौकशी स्वतंत्रपणे करावी. कालवा दिवसाउजेडी पार होणार की नाही, हेही विचारावे.

आजीचा प्रश्न

इतके झाल्यावर माझा अभ्यास संपला असे मला वाटले. त्या शनिवारी मी गावी गेलो आणि मोठ्या उत्साहाने हे सारे आजीला सांगितले. आजी निरक्षर आहे. तिने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "एवढं तळं डोंगरावर आलं कुठनं? आन् त्याच्याखाली कुनाची गावं हुती रं?"

आमचे मूळ गाव एका धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की देवळाचे जोते दिसते; आजी तेथे जाऊन हळदकुंकू वाहून येते. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिन्ही कागदांत नव्हते, आणि माझ्या तक्त्यातही नव्हते.

परत येऊन मी शोधले. गातून सरोवर निसर्गाचे नव्हे. चाग्रेस नदीला गातून येथे धरण बांधून ते केले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४२५ चौरस किलोमीटर. १९१३ पासून पाणी चढत गेले, तसे नदीकाठच्या आणि १८५५ मध्ये पुऱ्या झालेल्या रेल्वेच्या जुन्या मार्गावरच्या वस्त्या उठल्या. गोर्गोना, माताचिन ही नावे नकाशावरून गेली. खुद्द गातून गावही हलवावे लागले. आज जहाजावरून जी हिरवी बेटे दिसतात ती बुडालेल्या टेकड्यांची माथी आहेत. त्यांतील बारो कोलोराडो या बेटावर आज उष्ण कटिबंधातील जंगलांचे नावाजलेले संशोधन केंद्र आहे.

ज्यांनी हे खणले त्यांच्यापैकी बहुसंख्य बार्बाडोस आणि इतर कॅरिबियन बेटांवरून आलेले काळे मजूर होते. गोऱ्या अमेरिकनांचा पगार सोन्याच्या नाण्यांत आणि यांचा चांदीच्या; त्यावरून राहण्याची घरे आणि दुकानेही वेगळी. अमेरिकेच्या काळातील नोंदींप्रमाणे ५,६०९ माणसे रोगांनी आणि अपघातांनी मृत्यू पावली. त्यांत या काळ्या मजुरांचीच संख्या फार मोठी होती.

आणि ही गोष्ट केवळ इतिहासातली नाही. एक जहाज पार होताना सुमारे वीस कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते. पनामातील सुमारे निम्मी लोकसंख्या याच खोऱ्यातील पाणी पिते. २०२३ मध्ये पाऊस इतका कमी पडला की एरवी दररोज सुमारे ३६ जहाजे जाणाऱ्या या कालव्यात डिसेंबरात ती संख्या २२ पर्यंत खाली आणावी लागली. पुढे पावसाने स्थिती सुधारली. पण पाण्याची बेगमी म्हणून शेजारच्या रिओ इंडिओ नदीवर धरण बांधण्याची योजना पुढे आली. त्यात सुमारे दोन हजार लोकांना आपली घरे सोडावी लागतील, असे सांगितले जाते. तेथील गावकऱ्यांनी तिला विरोध केला आहे. हे वाचताना मला आजीचा चेहरा दिसत होता. तिने नकाशा कधी पाहिलेला नाही. पण तळे दिसले की खालचे गाव विचारायचे, हे तिला ठाऊक आहे.

उपसंहार

मी दुसरा तक्ता सरांना नेऊन दिला. त्यात भाड्याचा रकाना शेवटी होता. त्याआधीचे प्रश्न असे : जहाज कालव्यातून पलीकडे जाते की आत जाऊन परतते? लॉक जुने की नवे? कोणता ऋतू, कोणती दिशा, दिवस की रात्र? सफर कोठे संपते, आणि तेथून घरी जायला काय पडते? सरांनी दुसरी सफर निवडली. काकू तेवढ्यात चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे शेवटी मुलीच्या घरी पोचणार ना? मग तुमचा कालवा कोणताही असू दे." त्यांच्या निवडीचा रकाना एकच होता, आणि तोही काही चुकीचा नव्हता.

तक्त्याच्या तळाशी मी आजीचा प्रश्न लिहिला होता. सरांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "तीस वर्षे छेद काढला. सरोवराची उंची काढली, खोली काढली. खाली कोण राहत होते, हे एकदाही लिहिले नाही." मग कागद घडी करून त्यांनी पारपत्राच्या पाकिटात ठेवला.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास सर प्रवासाच्या तयारीत असतील. त्यांना आपणा सर्वांतर्फे शुभेच्छा. वाचक मित्रांपैकी फार थोड्यांना अशी सफर निवडण्याचा योग येईल, हे मी जाणतो. परंतु विषय निवडताना, नोकरीचे दोन अर्ज भरताना, किंवा एखाद्या योजनेचे दोन कागद पुढे आले असता, 'सगळे सारखेच' असे कोणी म्हटले तर एवढे करावे : जो शब्द सगळीकडे सारखाच छापलेला आहे, त्याचाच रकाना आधी आखावा. माझ्या पहिल्या तक्त्यात नेमका तोच राहिला होता.